दमयंतीची धृती आणि जायबंदी खेळाडू

खेळताना लागणारी चिकाटी वेगळी आणि जायबंदी झाल्यावर लागणारी चिकाटी वेगळी. पहिली शिकवायला प्रशिक्षक असतो, संघ असतो, घड्याळ असते. दम संपला तरी आणखी एक चढाई करायची, लागले तरी उठून उभे राहायचे, असा तिचा धडा असतो. दुसरीत नेमके उलटे वागावे लागते. पळता येईल असे वाटत असताना चालायचे, चालता येत असताना कुबडी सोडायची नाही, आणि हे किती दिवस ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मैदानावर ज्याच्या जिद्दीचे दाखले दिले जातात तोच खेळाडू तिसऱ्या आठवड्यात घरच्या पलंगावर खचलेला दिसतो. त्याची जिद्द आटलेली नसते. जी आहे ती इथे उपयोगी पडत नाही, एवढेच. मग दुसरी कोठून आणायची? कथेतल्या एखाद्या स्त्रीकडून ती घेता येते का, आणि घेतली तर ती आपली म्हणायची की उसनी, हा धर्मविचाराचा आणि काव्यविचाराचाही जुना प्रश्न आहे. महाभारताच्या वनपर्वात त्याचे एक पुरे उदाहरण सापडते.

आधी दुखापतीची बाजू. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, बास्केटबॉल अशा एकदम थांबण्या-वळण्याच्या खेळांत गुडघ्यातला एक अस्थिबंध तुटतो. वैद्यकात त्याला अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट म्हणतात; खेळाडू म्हणतात ‘एसीएल गेली’, नाहीतर नुसतेच ‘गुडघा गेला’. बहुतेक वेळा कोणी धक्का दिलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा दिशा बदलताना पाय टेकतो, आत काहीतरी टक् करते आणि गुडघा निसटतो. पुन्हा खेळायचे असेल तर सहसा दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते. मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढून ती हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून तुटलेल्या बंधाच्या जागी बसवतात.

पुढचा भाग रुग्णाच्या ध्यानात लवकर येत नाही. बसवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तोडूनच ती काढलेली असते. त्यामुळे आधी तिच्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि तंतूंची फेरमांडणी सुरू होते. ती पुरी व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मधल्या टप्प्यात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, ही कंडरा बसवली त्या दिवसापेक्षाही दुबळी असते. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, जिना बिनधास्त चढता येत असतो. बरे वाटणे आणि बरे होणे यांत इतके अंतर क्वचितच पडत असेल. नॉर्वे व अमेरिका येथील रुग्णांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, मैदानावर परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने पुढे ढकलले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. पाचव्या महिन्यात ठणठणीत वाटणाऱ्या तरुणाला मात्र हे आकडे दुसऱ्या कोणाचे तरी वाटतात.

वनपर्वातला भीम याच तरुणाच्या जातीचा आहे. द्यूतात हरल्यावर पांडवांना बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास पत्करावा लागला. तेरा महिने सरल्यावर भीमाने हिशेब मांडला, की महिना हाच वर्षाच्या जागी धरावा. तेरा महिने झाले म्हणजे तेरा वर्षे झाली, आता निघू या. अंगात बळ आहे, शत्रू समोर आहे, मग बसून का राहायचे? त्याचा संताप खोटा नाही आणि त्याचे बळही खोटे नाही. युधिष्ठिर मुदत मोडायला तयार होत नाही, पण त्याचेही मन शांत नसते. अर्जुन अस्त्रे मिळवायला इंद्रलोकी गेलेला, भाऊ धुसफुसत असलेले, आणि आपल्याच खेळीने सगळे गेले ही टोचणी. अशा वेळी बृहदश्व ऋषी येतात आणि आपल्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला का, असे युधिष्ठिर त्यांना विचारतो. उत्तरादाखल येते ते नलोपाख्यान. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ते ५० ते ७८ अशा २९ अध्यायांत आहे. म्हणजे ही कथा मुळातच सांगितली गेली ती सक्तीने थांबवलेल्या, स्वतःवर चिडलेल्या माणसाला.

प्रश्न राजाविषयी होता, पण कथा हाती धरून नेते ती राणी. दमयंती विदर्भाच्या भीमराजाची मुलगी. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धाकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. मराठी वाचकाला ती ठाऊक असते ती बहुधा हंसामुळे. रघुनाथपंडितांचे आख्यान नावाप्रमाणे स्वयंवराचे आहे, आणि बाराव्या शतकातले श्रीहर्षाचे ‘नैषधीयचरित’ २२ सर्ग खर्चूनही विवाहोत्तर विलासापलीकडे जात नाही. कवींना तिचे रूप आवडले, तिचे पुढचे दिवस त्यांनी सोडून दिले. जायबंदी माणसाच्या कामाचा भाग नेमका हा सोडलेलाच आहे, आणि त्यासाठी मूळ महाभारताकडेच जावे लागते.

तिचा नवरा नळराजा याच्या अंगात कली शिरतो. पुष्कराबरोबरच्या द्यूतात राज्य जाऊ लागते तेव्हा दमयंती राजाला अडवून पाहते. जमत नाही असे दिसताच ती वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुलांना माहेरी पाठवून देते. नुकसान थांबवता येत नसेल तर त्याचा पसारा आटोक्यात ठेवायचा, ही समज तिला पहिल्यापासूनच आहे. पुढे रानात नळ तिचे अर्धे वस्त्र कापून घेतो आणि ती झोपेत असताना निघून जातो. जाग आल्यावर ती धावते, पडते, रडते. अजगर तिला धरतो. सोडवणारा व्याधच तिच्यावर वाईट नजर टाकतो. वाघाला, डोंगराला, अशोकाच्या झाडाला ती नळाचा पत्ता विचारते. अशोकाला तर सांगते की नावाप्रमाणे वाग आणि माझा शोक घालव. तपस्वी भेटतात, पुन्हा भेट होईल असे सांगतात आणि आश्रमासकट दिसेनासे होतात. आधार मिळाला म्हणावे तर त्याचा पुरावा उरत नाही.

या रडण्याकडे नीट पाहायला हवे. आजच्या क्रीडासंस्कृतीत चिकाटीचे चित्र कोरड्या डोळ्यांचे असते. अश्रू म्हणजे हार. दमयंती कित्येक अध्याय रडते आणि तरी एकाही अध्यायात जागच्या जागी थांबत नाही. तिचा विलाप आणि तिची चाल बरोबरच चालतात. सैनिक, सेनापती आणि रंगवलेले वीर यांच्या गोष्टींत हे एकत्र सहसा सापडत नाही. बहुधा म्हणूनच इथे नायकापेक्षा नायिका उपयोगी पडते. संस्कृत साहित्यशास्त्राने वाट पाहण्याचे बारीक प्रकार पाडले ते नायिकांचे: विरहोत्कंठिता, प्रोषितपतिका, विप्रलब्धा. वाट पाहणे बायकांच्या वाट्याला लोटले गेले होते, हे त्यामागचे अन्याय्य कारण. पण त्यामुळेच न लढता काढाव्या लागणाऱ्या काळाचे ज्ञान साहित्यात त्यांच्याच नावावर जमा झाले, आणि गुडघा बांधून पडलेल्या पुरुष खेळाडूलाही ते तिथूनच घ्यावे लागते.

सार्थाचा प्रसंग कथेतला सर्वांत कठोर आहे. चेदी देशाकडे निघालेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यात दमयंतीला आसरा मिळतो. रात्री रानटी हत्ती तळावर तुटून पडतात आणि माणसे चिरडली जातात. वाचलेल्यांपैकी काहींना वाटते, ही विस्कटलेली बाईच अपशकुनी. दमयंती स्वतःलाच विचारते की हे का. लहानपणापासून कृतीने, वाणीने, मनाने काही पाप केल्याचे तिला आठवत नाही. मागच्या जन्मीचे असेल, किंवा स्वयंवरात ज्यांना नाकारले त्या लोकपालांची ही करणी असेल, असे ती म्हणते. उत्तर मिळत नाही आणि कवीही देत नाही. त्यानंतर लगेच ती वाचलेल्या ब्राह्मणांबरोबर पुढे निघते आणि संध्याकाळी चेदिनगरीत पोचते. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न कोणी न ढकलता गुडघा गेलेल्या माणसाला हमखास पडतो. त्याला कर्मविपाकाचे उत्तर देणारे भेटतात, तंत्र चुकले असे सांगणारेही भेटतात. कथेत तो प्रश्न ना खोडला जातो ना सुटतो. चालणे त्याच्यासाठी अडून राहत नाही, इतकेच दिसते.

चेदिनगरीत पोरे वेडी समजून तिच्या मागे लागतात. राजमाता तिला वर बोलावून घेते आणि राजकन्या असलेली दमयंती सैरंध्री म्हणून राहते. राहण्याआधी मात्र ती अटी घालते: उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही, मात्र नवऱ्याच्या शोधासाठी ब्राह्मणांना भेटेन. परावलंबनात शिरताना काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही हे ठरवून घेण्याची ही रीत आहे. कालपर्यंत संघाचा कणा असलेल्याला न्हाणीघरात जायला कोणाचा तरी हात धरावा लागतो, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न पडलेला असतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण आणि इंद्रियांचे व्यापार न ढळता धरून ठेवते ती सात्त्विक. फळाची आस धरून धर्म, अर्थ, काम यांना चिकटते ती राजस. झोप, भीती, शोक, विषाद आणि मद ज्या धृतीमुळे सुटत नाहीत ती तामस. तिसरी व्याख्या चकित करते, कारण शोकाला धरून बसणे हीसुद्धा गीतेच्या मते एक धृतीच आहे. खचलेल्या माणसात चिकाटी नसते असे आपण म्हणतो. गीता म्हणते असते, ती चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. दिवसभर पडदे ओढून जुन्या सामन्यांची चित्रफीत बघत पडून राहायलाही बळ लागतेच. चौथ्या महिन्यात चोरून सरावाला जाणारा राजस धृतीचा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे आणि सोडायचे, असे दिवसातून अनेकदा करणारा यांत कोठे बसतो, ते उघड आहे. योगसूत्रांनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ आणि सातत्य यांच्याबरोबर सत्काराची, म्हणजे आदराने करण्याचीही, अट घातली आहे. टॉवेल दाबण्यासारख्या क्षुल्लक क्रियेचा आदर करणे हे त्यातले सर्वांत अवघड. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादातही शौर्य म्हणजे मनाचा टिकाव, अशी व्याख्या एक सेनापती मांडतो आणि सॉक्रेटिस लगेच विचारतो, की मूर्खासारखे टिकून राहणे हेही शौर्यच का? भीमाला विचारावा असा तो प्रश्न आहे.

दमयंतीची धृती डोळस आहे, हे उत्तरार्धात ठळक होते. सुदेव नावाचा ब्राह्मण तिला भुवयांमधल्या खुणेवरून ओळखतो आणि ती माहेरी परतते. तिथे नुसती वाट पाहत बसणे शक्य होते. ती मात्र शोध हाती घेते. ब्राह्मणांनी प्रत्येक सभेत जाऊन एकच निरोप म्हणायचा, ज्यात नळाला जुगारी म्हणून हाक मारून अर्धे वस्त्र कापून कोठे गेलास असे विचारलेले असते, आणि कोणी उत्तर दिले तर तो कोण, काय करतो, हे टिपून आणायचे. पर्णाद अयोध्येहून बातमी आणतो, की ऋतुपर्णाच्या पदरी असलेल्या बाहुक नावाच्या बेढब सारथ्याने उत्तर दिले. मग ती वडिलांना न कळवता दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते: उद्या सूर्योदयाला. एका दिवसात शंभर योजने रथ नेणारा एकच माणूस तिला ठाऊक असतो. बाहुक येतो. तरीही ती धावत जात नाही. केशिनी दासीला पाठवून तो पाणी, अग्नी कसा वापरतो ते पाहून घेते, त्याच्या हातचे अन्न चाखते, मुलांना त्याच्यापुढे पाठवते. शेवटी त्याला समोर उभा करून विचारते, की निरपराध बायकोला झोपेत टाकून जाणारा धर्मज्ञ कोणी पाहिला आहेस का. आशा मनात असताना खुणा तपासत राहणे हे या स्त्रीचे वैशिष्ट्य. मैदानावर परत सोडण्यापूर्वी फिजिओ दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के आहे का ते मोजतो, एका पायावर उड्या मारायला लावतो. केशिनीला वारंवार पाठवण्यामागचा संयम याच जातीचा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. दमयंतीची निष्ठा पतीवर आहे, तोही टाकून गेलेल्या पतीवर. पातिव्रत्याच्या चौकटीतली ही चिकाटी आजच्या खेळाडू मुलीने कशासाठी घ्यावी? आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येते, की धृतीचा विषय आणि धृतीची घडण वेगळ्या करता येतात. कशासाठी टिकायचे ते वाचणारी ठरवील. कसे टिकायचे, म्हणजे रडत, अटी घालत, शोध चालू ठेवत आणि पुरावा मागत, ते कथेतून घेता येते. शिवाय दमयंती नळाला माफ करते ती जाब विचारून.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा: कथेचा शेवट ठरलेला असतो, गुडघ्याचा नसतो. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात या शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धात्मक खेळाकडे ५५ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्यांच्या वाट्याला तो सुखान्त येत नाही. मग नळ-दमयंतीचे मीलन दाखवून धीर देणे ही फसवणूक नव्हे का? शेवटाकडे पाहून धीर घेतला तर ती फसवणूकच आहे. त्याच वनपर्वातल्या सावित्रीशी तुलना केली तर फरक कळतो. सत्यवानाला एक वर्ष आहे हे सावित्रीला लग्नाआधीच समजते. ती दिवस मोजते, शेवटचे तीन दिवस व्रत धरते आणि ठरलेल्या दिवशी सज्ज असते. प्लास्टर अमुक तारखेला निघणार हे ठाऊक असलेल्याला सावित्री जवळची. दमयंतीला तारीख कोणी दिलेली नाही. नळ जिवंत आहे की नाही हेही तिला माहीत नाही; भेट झाली तेव्हा चौथे वर्ष लागले होते, हे नंतरच कळते. तिच्याबरोबर वाचक राहतो तो या न कळण्याच्या काळात, आणि घेण्यासारखे आहे ते तिथेच.

उसनेपणाच्या शंकेला काव्यशास्त्राने उत्तर दिलेले आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि इ.स. १००० च्या सुमारास अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना अशी, की काव्यातली भावना ‘माझी’ही राहत नाही आणि ‘त्याची’ही राहत नाही. शाकुंतलाच्या आरंभी रथापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरणाची भीती हे अभिनवगुप्ताचे उदाहरण: ती प्रेक्षकाला जाणवते, पण मी घाबरलो असेही नाही आणि ते हरीण घाबरले असेही नाही; देशकाळ गळून नुसते भय उरते. पुन्हा दुखापत होईल ही भीती परतणाऱ्या खेळाडूला सर्वांत जास्त अडवते. ती जोखण्यासाठी २००८ पासून १२ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. त्या भीतीची नांगी ‘माझ्या’पणात असते. रानातली दमयंती वाचताना तेच भय क्षणभर कोणाचेच नसते, त्यामुळे त्याच्याकडे पाहता येते. आणि नाट्यशास्त्राने धृतीची गणना ३३ व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या भावांत, केली आहे. धीर कायम अंगी वसतो असे भरतमुनी मानत नाहीत. जो येतो आणि जातो तो पुन्हा आणावा लागतो, आणि आणलेल्या वस्तूला उसनी म्हणायचे तर मग कोणाचाच धीर स्वतःचा ठरणार नाही.

बृहदश्वांनी कथा संपवून युधिष्ठिराला केवळ सांत्वन दिले नाही. नळाला ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाखाली जे शिकवले ते अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, त्यांनी युधिष्ठिराला शिकवली. ज्या ठिकाणी तो मोडला होता नेमक्या त्याच ठिकाणची. त्यानंतरही वनवासाची वर्षे शिल्लक होतीच. ती संपून अज्ञातवासाचे वर्ष आले तेव्हा विराटाच्या सभेत युधिष्ठिर कंक नावाने द्यूतकुशल म्हणून शिरला. द्रौपदी राणी सुदेष्णेकडे गेली ती सैरंध्री होऊन, आणि कामाला राहण्याआधी तिने अट घातली, की उष्टे खाणार नाही आणि कोणाचे पाय धुणार नाही.